पिंग ब्लॉक आहे, मग समोरचं मशीन चालू आहे का हे कसं पाहायचं?

नागपुरात सीताबर्डीच्या ऑफिसातून बुटीबोरीच्या गोदामातलं मशीन पिंग केलं, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, की लगेच सर्व्हर बंद पडला म्हणून बोंब सुरू, अन् कोणीतरी भर मे महिन्यात वर्धा रोडला गाडी काढतो. काहून भाऊ? पिंग म्हणजे फक्त आयसीएमपीचा एको ('आहेस का?' विचारणारा छोटा संदेश), अन् फायरवॉलवाले (नेटवर्कवर येणंजाणं अडवणारे) सगळ्यात आधी तोच बंद करतात. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) तर सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे तिथल्या फायरवॉलमध्ये, आपण रूल टाकल्याशिवाय बाहेरचा पिंग आत येतच नाही.

म्हणून सरळ टीसीपी पोर्टवर जा, म्हणजे मशीनवरच्या एकेका सर्व्हिसच्या नंबरवाल्या दारावर. त्या मशीनवर काय चालतं ते आठवा: लिनक्स असेल तर 22, वेबसाइट असेल तर 443, विंडोजचा रिमोट डेस्कटॉप असेल तर 3389. विंडोजवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection) चालवा, त्याला आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) अन् पोर्ट द्या. लिनक्सवर नेटकॅट ही कमांड, व्ही अन् झेड हे दोन ऑप्शन लावून (nc -vz). नावाऐवजी आयपीच टाका, नाहीतर डीएनएसची (नावावरून आयपी शोधणाऱ्या यंत्रणेची) गडबड अन् तुम्ही मशीनला शिव्या देत बसाल.

आता उत्तर नीट वाचा, खरी गंमत तिथंच आहे. कनेक्ट झालं तर विषय संपला. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं की लोक तोंड पाडतात, पण अहो ही तर चांगली बातमी आहे! आतून कोणी ओरडलं "घरी कोणी नाही", तर तो घरीच आहे ना. त्या पोर्टवर सर्व्हिस नाही म्हणून मशीनने आरएसटी (कनेक्शन नाकारणारं पॅकेट) पाठवला, म्हणजे मशीन जिवंत आहे. फक्त पब्लिक आयपीवर (इंटरनेटवरून दिसणाऱ्या पत्त्यावर) पाहत असाल तर हा नकार मधल्या राउटरचाही असू शकतो, तेवढं ध्यानात ठेवा.

टाइमआउट आला तर मात्र काहीच ठरत नाही. मशीन बंद असेल, नाहीतर फायरवॉल पॅकेट गिळून राहिला असेल, अन् विंडोजचा फायरवॉल चालू असला की तो बंद पोर्टवर बहुतेक गप्पच बसतो, रिफ्यूज्डसुद्धा म्हणत नाही. दोन-चार पोर्ट अजून पाहा. एनमॅप (पोर्ट तपासायचं टूल) वापरत असाल तर कॅपिटल पी अन् स्मॉल एनचा ऑप्शन (-Pn) लावा, नाहीतर तो होस्ट डाउन आहे म्हणून स्कॅनच सोडून देतो. (दुसऱ्याच्या मशीनवर विचारल्याशिवाय एनमॅप मारू नका.)

त्याच लॅनवर (एकाच ऑफिसच्या नेटवर्कवर) असाल तर एआरपी (आयपीवरून मशीनचा हार्डवेअर पत्ता विचारायची पद्धत) सगळ्यात भारी, कारण आयपीव्ही4 मध्ये त्याच्याशिवाय लॅनवर गाडी हलतच नाही. आधी जुनी एंट्री उडवा, पिंग मारा, उत्तर नाही आलं तरी चालते, मग एआरपी टेबल पाहा: मॅक ॲड्रेस (तोच हार्डवेअर पत्ता) दिसला तर मशीन चालू. दूरच्या ब्रँचसाठी तिथल्या राउटरमध्ये लॉगिन करून हेच टेबल पाहा.

अन् वेबसाइट क्लाउडफ्लेअरच्या (सर्व्हरच्या पुढे उभं राहून लोकांना उत्तर देणाऱ्या सेवेच्या) मागे असेल तर 443 वर उत्तर क्लाउडफ्लेअरच देतो, तुमचा सर्व्हर नाही. तिथं एरर नंबर पाहा: 521 म्हणजे सर्व्हरने कनेक्शन नाकारलं, 522 म्हणजे टाइमआउट.