अकरा ते दोन

अकराला एक कुटुंब बाहेर पडतं, दोनला दुसरं आत येतं. मधल्या तीन तासांत फ्लॅट असा करून ठेवायचा, की आधी इथे कोणी राहून गेलं याचा मागमूस लागू नये. नागपूरच्या मनीषनगर-बेसा भागात मी चार वर्षांपासून हेच करते, पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देतात ते फ्लॅट साफ करायचं काम. सध्या सहा फ्लॅट आहेत. नव्याने कामाला लागलेल्या बाया फोन करून विचारतात, 'ताई, काय काय सामान घेऊ?' सामानाचं सोपं आहे. झाडू-पोछा, भांडी, संडास तुम्हाला येतंच, ते मी काय शिकवू! मी जिथे तोंडावर पडले ते सांगते. लांबलं तर सांभाळून घ्या, कारण ती गोष्ट अजून माझ्या पोटातून गेलेली नाही.

माझं दुसरं वर्ष. मे महिना, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागलेले. बेशातला एक वन-बीएचके तीन आठवडे रिकामा पडून होता. त्या दिवशी पेंचची सफारी करून रायपूरला परतणारं कुटुंब एका रात्रीपुरतं थांबणार होतं. मी जीव लावून काम केलं. सिंक लख्ख, चादरीला एक सुरकुती नाही, फरशीला फिनाइल, वरून मोगऱ्याचा स्प्रे. दाराशी उभं राहून फोटो काढला, मालकीणबाईंना पाठवला आणि घरी जाऊन निवांत झोपले.

रात्री साडेअकराला त्यांचा फोन. 'अहो, कूलर लावला की मासोळीचा वास येतो म्हणताहेत. पोरगा उलट्या करतोय. तुम्ही साफ केलं तरी काय?'

सकाळी सातला पोहोचले. कूलरची मागची ताटी, म्हणजे गवत भरलेली जाळी, काढली. पाणी कमी झालं की आपोआप भरणाऱ्या बॉलच्या नळामुळे टाकी तीन आठवडे भरलेलीच होती. तळाशी बोटभर हिरवट गाळ आणि वर अळ्या, वळवळणाऱ्या. तो पोरगा शेजारी उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, 'आंटी, ये नाच क्यों रहे हैं?' त्याची आई मागे उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्या महिन्याच्या पैशांतून बाराशे कापले गेले. कूलर मालकाचं काम, असं मी धरून चालले होते. ते माझं काम, असं मालकीणबाईंनी धरलं होतं. बोललं कोणीच नव्हतं. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्या: कूलर, फ्रिज, एसीची जाळी, गच्चीवरची टाकी यातलं काय माझ्याकडे? लाजू नका. लाजण्याचे बाराशे रुपये मी भरले आहेत.

पण खरा घात कूलरने केला नव्हता, माझ्या नाकाने केला होता. कोणत्याही वासात अर्धा तास राहिलं की नाक तो वास सांगायचं सोडून देतं. आपण आत येतो तेव्हा घर थोडं कुबट असतं, काम करता करता ते जाणवेनासं होतं, वरून फिनाइल मारतो आणि 'आता छान वास येतोय' म्हणून निघतो. पाहुणा मात्र बाहेरच्या हवेतून येतो, नाक ताजं घेऊन. त्याला मोगरा येतो आणि मोगऱ्याखालचं सडकंही येतं. त्यात मी कूलर चालूच करून पाहिला नव्हता. बंद कूलर वास देत नाही. पंखा फिरून ओल्या ताटीतून हवा आली की देतो.

आता कूलरचं नीट ऐका. पहिली गोष्ट, प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लग हातात दिसला पाहिजे. लोखंडी बॉडी, ओले हात आणि भिजलेली फरशी यांनी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. घाई असली तरी यात सूट नाही.

मग पाणी काढायचं आणि टाकीच्या भिंती आतून घासायच्या. नुसतं पाणी ओतून चालत नाही, त्याला कारण आहे. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटवतो. पाणी आटलं तरी ती अंडी महिनोन्महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून ब्रश लागतो. ताटीचं गवत काळं पडलं असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, बदलायला सांगा. बोअरचं पाणी असेल तिथे ताटीवर पांढरा थर चढतो, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तो थर जाड झाला की हवा येत नाही आणि पाहुणे म्हणतात कूलर खराब आहे. फ्लॅट दोन-चार दिवस रिकामा राहणार असेल तर टाकी कोरडी करायची, बॉलचा नळ बंद करायचा आणि पंप न लावता नुसता पंखा पंधरा-वीस मिनिटं चालवायचा. ताटी वाळली की वास धरत नाही.

आणि हो, समोरची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवून तशी चिठ्ठी लावा. मुंबई-पुण्याचे पाहुणे कूलरला एसी समजून सगळं बंद करतात, मग अंग चिकचिक होतं आणि तक्रार आपल्या नावावर.

बाकीचं भराभर. आत पाय ठेवला की कशालाही हात लावायच्या आधी प्रत्येक खोलीचा फोटो काढा. फुटलेला ग्लास तुम्ही फोडला नाही, हे नंतर कोणीच मानत नाही. चादरी प्रत्येक पलंगामागे तीन जोड मागा. मे महिन्यात अर्ध्या तासात वाळतात म्हणून मालक दोन जोडांत भागवतात, मग श्रावण येतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. नवी मुलगी तिथेच रडायला बसते. रडू नको बाई, धुऊन कडक उन्हात टाक, रंग उडतो. सावजी रश्श्याच्या तेलाला आधी भांड्याचं लिक्विड चोळायचं, मगच मशीन. रक्ताला गार पाणी, गरम पाण्याने तो डाग पक्का होतो.

व्हिडिओत सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढतात. फेस छान दिसतो. पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास पाणी. नळावरच्या पांढऱ्या डागांना नुसतं व्हिनेगर किंवा लिंबू लावा, संगमरवरी ओट्यावर मात्र थेंबही नको, चकाकी खाऊन टाकतं. संडासाचं ॲसिडवालं लिक्विड आणि ब्लीच कधीही एकत्र नाही, एकामागून एकही नाही. त्यातून क्लोरीन निघतो. मी एकदा लहानशा बाथरूममध्ये हे केलं आणि दोन दिवस खोकत होते. शिकवायचे पैसे घेणाऱ्या एका साहेबांनीच मला ते 'डबल ॲक्शन' म्हणून सांगितलं होतं. ज्याच्या हाताला ब्लीचचा वास येत नाही, त्याच्याकडून हे काम शिकू नका, एवढं माझं मत.

पैशांचं म्हणाल तर दर खेपेचा ठरवा, पण धुणं त्यात धरू नका. मी पहिलं वर्षभर दोन्ही एकाच दरात केलं आणि घरी पोराला जेवायला वाढायच्या वेळी दुसऱ्यांच्या चादरी इस्त्री करत बसले. डिसेंबरात अधिवेशन असतं, दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तेव्हा रोज पाहुणा बदलतो आणि हाताशी एक माणूस जास्त लागतो. जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलचे पेशंट महिनाभर राहतात. त्यांच्याकडे काम कमी असतं, पण स्प्रे अजिबात मारू नका, केमोनंतर वास सहन होत नाही.

जमेल का, असं विचारता ना? जमतं. पहिल्या महिन्यात तीन तासांचे चार होतात, कोणी ना कोणी ओरडतं. मी दोनदा सोडलं होतं, दोनदा परत आले.

सगळं झालं की आता मी कूलर चालू करते, दार लावते आणि खाली येऊन वॉचमनकाकांजवळ दहा मिनिटं बसते. थर्मासातला चहा असतो. काका म्हणतात, 'काय बापा, आज पुन्हा नाक सुटीवर?' मग वर जाते, दार उघडते आणि उंबऱ्यावरच थांबून वास घेते.