आमच्या चरईतल्या घराचं वर्ष एप्रिलात सुरू होतं

पाडव्याची गुढी उतरवली की पुढच्या रविवारी मी गच्चीत जाते. ठाण्यात चरईत चौथ्या मजल्यावर आमचं घर, डोक्यावर थेट गच्ची. पाऊस आधी आमच्याकडे येतो, मग खालच्यांकडे. सतरा वर्षं इथे राहून एक पक्कं कळलंय की एका ऋतूचं काम आदल्या ऋतूत झालं नाही तर ते होतच नाही. पूर्वी आम्हीही म्हणायचो, "मृग सात जूनला, अजून वेळ आहे." २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला आणि आमच्या गल्लीत ताडपत्रीसाठी धावाधाव झाली. तेव्हापासून आमच्या घरात १५ मे ही शेवटची तारीख.

गच्ची कशी तपासायची ते आधी सांगते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून ठेवायचं. आपल्या खोल्यांवरच्या भागाला मातीचा छोटा बांध घालायचा, म्हणजे सगळी गच्ची भरायला लागत नाही आणि पाण्याची नासाडीही होत नाही. पाणी उतरायच्या भोकात जुन्या चादरीचा बोळा घट्ट कोंबायचा, संध्याकाळी दोन बोटं पाणी भरायचं आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तसंच ठेवायचं. मग घरात शिडीवर चढून छताला तळहात लावत फिरायचं. ओल डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला गार लागते. गार लागेल तिथे पेन्सिलीने गोल करून तारीख घालायची. पंख्याच्या हुकाशी किंवा दिव्याशी ओल असेल तर मात्र हात लावायचा नाही. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

छताला डाग जिथे दिसतो तिथेच वर भेग असते असं नाही. पाणी स्लॅबच्या आतून वाट काढत कुठेही निघतं. आमचा डाग हॉलमध्ये होता आणि भेग टाकीच्या चौथऱ्यापाशी. गवंड्याने दोनदा डागाच्या वरचीच जागा बुजवली, दोन पावसाळे गळती तशीच राहिली. पाणी भरून पाहिलं तेव्हा खरी जागा सापडली. दुरुस्ती एप्रिलात करायची, कारण वॉटरप्रूफिंगला स्लॅब पूर्ण कोरडा लागतो आणि सिमेंटच्या कामावर पुढे काही दिवस पाणी मारावं लागतं. कठड्यात पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ते वरून छाटून उपयोग नाही. भेग उकरून मूळ काढायचं, मगच बुजवायचं.

आता भिंती. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत झोडपली जाते. आमच्या निजायच्या खोलीची पश्चिम भिंत अशीच. २०१९ साली रंगाऱ्याने तिच्यातली ओल न बघता पुट्टी ओढून रंग दिला. गणपतीपर्यंत रंगाला फुगे आले, कपाटामागे काळी बुरशी धरली, आणि त्या महिन्यात सासूबाईंचा दमा इतका बळावला की दोन रात्री त्यांनी बसून काढल्या. रंगाचे पैसे गेल्याचं काही नाही, त्या दोन रात्री मी विसरले नाही.

म्हणून रंगाआधी ही परीक्षा घ्याच. फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूवर पाणी जमलं तर दोष हवेतल्या दमटपणाचा: खिडकी, पंखा, कपाट हलवणं यांनी भागतं. भिंतीकडच्या बाजूवर जमलं तर पाणी भिंतीतून येतंय, आणि बाहेरचं प्लास्टर दुरुस्त केल्याशिवाय आतून कितीही रंग द्या, टिकणार नाही. आमचं पाणी भिंतीकडच्या बाजूला होतं. कपाट कुठलंही असो, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांबच ठेवा, मागून हवा फिरली पाहिजे. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने झटकू नका, तिचे कण हवेत उडतात आणि दम्याच्या माणसाला तेच बाधतं. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग पंखा लावून जागा सुकवा.

स्वयंपाकघराचं काम मेच्या पहिल्या पंधरवड्यातलं. गहू, तांदूळ, तूरडाळ गच्चीत चादरीवर दोन-तीन उन्हं खातात. खाली आणल्यावर लगेच डबा भरायचा नाही. धान्य गरम असताना झाकण लावलं तर आत घाम धरतो आणि मग पोरकिडे व्हायला वेळ लागत नाही. रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, तांदळात सावलीत सुकवलेला कडुलिंबाचा पाला, मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा. रवा भाजूनच ठेवते. रवा-बेसन पावसाळ्यात महिन्यापुरतंच आणते, साठवत नाही.

पाऊस लागला की काम कमी आणि लक्ष जास्त. ओले कपडे निजायच्या खोलीत वाळत घालू नका, ते पाणी शेवटी भिंतीवर आणि गाद्यांवरच जाऊन बसतं. आमची दोरी पॅसेजमध्ये, खाली टेबलफॅन. छत्र्या आणि रेनकोट दाराशी बादलीत. कागदपत्रं झिपच्या पिशवीत, वरच्या फडताळात.

शनिवार हा आमचा कोरडा दिवस. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा चुकवायचा नाही. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि सुकली तरी कित्येक महिने तग धरतात, म्हणून काथ्याने घासायचं. तुळशीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे, पिंप, आणि सगळे विसरतात ती जागा: गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घड्या.

श्रावणात उघडीप मिळाली की सासूबाई खिडकीतून ऊन बघून हाक मारतात, "अगं, पोळ्या राहू दे, आधी उशा बाहेर काढ!" आणि मी खरंच तवा उतरवून जाते. तासाभराचं ऊनही उशीतला कुबट वास घालवतं.

ऑक्टोबरात रेशमी साड्या काढायच्या, पण उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर. घड्या उलट्या मोडून पुन्हा मलमलीत. पावसात भिंतीवर कुठे, कुठल्या तारखेला ओल आली ते मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिते. बाहेरच्या प्लास्टरसाठी दिवाळीनंतर गवंडी येतो तेव्हा तो कागदच त्याच्या हातात देते.

ठाण्याची थंडी मोजक्या आठवड्यांची. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं. सासूबाईंची खुर्ची तेव्हा तिथे सरकते, गुडघ्यांना बरं वाटतं. गाद्या गच्चीत घालायचे दिवसही हेच.

मेच्या मध्यावर ठाण्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीचा त्रास नसतो. त्रास असतो गच्चीचा आणि पश्चिमेच्या खिडकीचा. गच्चीला मार्चमध्ये पांढरा चुना मारून घ्या. पश्चिमेच्या खिडकीला बांबूचा पडदा बाहेरून लावा. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घर तापवून झालेलं असतं. वाळ्याचे ओले पडदे आणि कूलर मात्र नागपूरच्या पाहुण्यांच्या सल्ल्याने आणू नका. तिकडची हवा कोरडी, तिथे ते उत्तम. इथे खाडीच्या हवेत आधीच इतका ओलावा असतो की त्यांनी गारवा येत नाही, फक्त अंग चिकचिकतं आणि एप्रिलात कोरडी केलेली भिंत पुन्हा ओल धरते.