डबा नको, ट्यूब नको: विशेष मुलांना पाण्यात उतरवताना

आपल्या खान्देशात पोहायला शिकवायची रीत ठरलेली: पाठीला डबा बांधायचा आणि विहिरीत सोडायचं. आता डब्याची जागा फुगवायच्या ट्यूबने घेतलीय. मी भुसावळला फिजिओथेरपिस्ट आहे. सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा नसणं), ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना उन्हाळाभर भाड्याच्या पूलमध्ये घेते. नवे पालक येतात ते ट्यूब घेऊनच, आणि ती मी काठावर ठेवायला लावते. ट्यूबमधलं मूल तरंगतं खरं, पण तोल सांभाळायचं काम ट्यूब करते, मूल काहीच शिकत नाही. मान कच्ची असेल तर ट्यूबसकट कलंडतं, तोंड पाण्यात जातं आणि सरळ होता येत नाही. लंडनच्या हॅलिविक शाळेत जेम्स मॅकमिलन या इंजिनिअरने १९४९ साली अपंग मुलींना पोहायला शिकवायला सुरुवात केली, तेव्हापासून त्या पद्धतीत एका मुलामागे एक माणूस असतो, तरंगायचं साधन नसतं. तो माणूस शक्यतो आई नाहीतर वडील. काठावर मोबाइल धरून उभं राहायचं नाही, पाण्यात उतरायचं.

त्याआधी मुलाच्या डॉक्टरांना विचारा. फिट औषधाने आटोक्यात नसेल तर पूल नको. आटोक्यात असली तरी पाण्यात आली तर काय करायचं हे घरातल्या दोघांना पाठ हवं: मागून डोकं धरून तोंड पाण्याच्या वर ठेवायचं, झटके ओसरेपर्यंत ओढाताण करायची नाही, मग बाहेर काढून कुशीवर झोपवायचं. नाकातोंडात पाणी गेल्याची शंका आली तर थेट दवाखाना. डाउन सिंड्रोम असेल तर मानेचे वरचे दोन मणके ढिले नाहीत ना, हे तपासून घ्या, आणि काठावरून सूर मारू देऊच नका. छाती कमजोर असलेल्या मुलाला गळ्याएवढ्या पाण्यात श्वास जड जातो, कारण पाणी छातीला चहूबाजूंनी दाबतं. ताप, जुलाब, उघडी जखम, कान वाहणं, यातलं काही असेल तर त्या दिवशी सुट्टी. साधा डायपर पाणी पिऊन फुगतो, पोहण्याचा वेगळा मिळतो तो घ्या.

थेरपीच्या पूलचं पाणी ३३ ते ३५ अंश असावं लागतं. तसा पूल आपल्याकडे शोधूनही सापडणं कठीण, म्हणून उन्हावर भागवायचं. पण बाहेर ४४ अंश आहे म्हणजे पाणी गरम असेलच, असं धरू नका. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होत राहते आणि ते गार पडतं, रात्रीतून तर जास्तच. सगळे सकाळी सहाला पोहायला जातात, तेव्हा पाणी सर्वांत थंड असतं. आपल्या मुलांना संध्याकाळी पाचनंतर न्या. थर्मामीटर सोडून बघा. ३० च्या खाली असेल तर पंधरा मिनिटं पुरे. गारठ्याने सीपीच्या मुलाचे पाय आणखी कात्रीसारखे आवळतात, म्हणजे आलो कशाला आणि झालं काय.

आजी मंडळींचा पहिला आक्षेप ठरलेला: "पोऱ्याले सर्दी व्हई जाई!" आजींचं अगदीच चूक नाही. पाण्यात नाही, पण बाहेर आल्यावर ओल्या अंगाला तो कोरडा वारा लागला की मूल मे महिन्यातही कुडकुडतं. टॉवेल बॅगेत नको, काठावर उघडून ठेवा.

पहिल्या दिवशी पोहणं नाहीच. मुलाच्या छातीएवढ्या पाण्यात तुम्ही समोरासमोर, गुडघे वाकवून, डोळ्याला डोळा येईल इतकं खाली. त्याचे हात तुमच्या दंडावर, तुमचे हात त्याच्या कमरेला. काखेत धरून उचलू नका, मूल खांदे आखडून घेतं. मग फुंकर. पाण्यावर पिंगपाँगचा बॉल सोडा आणि दोघांनी फुंकत ढकला. तोंड पाण्याजवळ आलं की श्वास बाहेर, ही सवय अंगात मुरली की नाकातोंडात पाणी जायची भीती निम्मी कमी होते. काही मुलांना याला दोन आठवडे लागतात, काहींना अख्खा उन्हाळा. लागू द्या. पाठीवर झोपवायची घाई मी कुणाला करू देत नाही.

झोपवाल तेव्हा त्याचं डोकं तुमच्या खांद्यावर, हात कमरेखाली. कान पाण्यात बुडले की आवाज एकदम बदलतो आणि मूल दचकून हातपाय ताणतं, म्हणून आधी कानावर ओंजळीने पाणी सोडून सवय करा. मग मागे मागे चालत त्याला डावीउजवीकडे संथ हलवायचं. माझ्याकडे सीपीचा नऊ वर्षांचा मुलगा येतो, अंगठा कायम मुठीत दाबलेला. असं हलवताना थोड्या वेळाने अंगठा आपोआप बाहेर येतो. तीच वेळ साधायची. मुठी सैल झाल्या की उभं करून पावलं टाकायला लावायची. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर अंगाचं साधारण निम्मं वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात तिसरा हिस्सा. जमिनीवर ज्याला दोघं धरतात, तो इथे एका हाताच्या आधाराने चालतो. पायाला बांधायच्या आधाराच्या पट्ट्यांशिवाय टाच टेकते का, ते बघा.

ऑटिझमच्या मुलाशी मात्र उलटा मामला. बऱ्याचदा त्याला पाण्याची ओढच भारी असते, भीती नावाला नसते. त्याला रोज तोच क्रम लागतो: त्याच पायरीने उतरणं, तेच गाणं, शेवटी टॉवेलचं चित्र दाखवलं की बाहेर. आणि हा मुलगा घरी परतला की जास्त धोका. शेततळ्याचा प्लास्टिक कागद शेवाळाने गुळगुळीत होतो, पोहता येणारा मोठा माणूससुद्धा त्यावरून वर येऊ शकत नाही. शेततळ्याला कुंपण हवंच, आत दोर नाहीतर शिडी सोडलेली हवी. विहीर, हौद, टाकी यांवर झाकण घाला.

अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम कुंडात न्यावं का, असं चोपड्याकडचे पालक विचारतात. देवदर्शनाला जा. पण ज्या मुलाला पायात संवेदना कमी आहे त्याला चटका बसलेला कळत नाही, आणि तिथलं तापमान आपल्या हातात नाही. मी तरी नाही म्हणते.

दिवाळी ते होळी आमचा पूल बंद असतो. तेवढे महिने आंघोळीच्या वेळी कोमट पाण्याच्या बादलीत स्ट्रॉने बुडबुडे काढायला लावा, तोंडावर तांब्याने पाणी सोडताना "फूऽ" म्हणायला लावा. होळीनंतर पुन्हा पिंगपाँगच्या बॉलपासूनच सुरुवात करायची, गेल्या मेमध्ये पाठीवर तरंगत होता तरी.