बाथरूममधल्या झाडबेडकाला हुसकावताना या चुका टाळा

उन्हाळा तापला की पाटण भागात घरोघरी ओरड सुरू होते, "बाथरूमच्या भिंतीला बेडूक चिकटलाय!" तो वाट चुकून आलेला नसतो. हा ठिपकेदार झाडबेडूक. बोटांच्या टोकाला गोल गाद्या असल्यामुळे टाइल्सवरही आरामात चढतो. मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके दिसले की ओळख पटली. बाहेर सगळं वाळलेलं असतं, म्हणून तो बादलीमागच्या ओलीला येतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मीठ किंवा फिनेल टाकणं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. फिनेलही तसंच आत जातं. त्याला बाहेर न्यायचंच असेल तर हात साध्या पाण्याने ओले करा, अलगद उचला आणि संध्याकाळी केळीच्या किंवा अळूच्या गारव्यात सोडा. भर दुपारी नको. नदीत नेऊन टाकणं तर मुळीच नको, हा झाडावर राहणारा जीव आहे. नंतर हात धुवा. विषारी म्हणून नव्हे, बेडकाच्या अंगावरचा चिकटा डोळ्यांत गेला तर चुरचुरतं म्हणून.

पावसाळ्यात हौदाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर, ताक घुसळल्यासारखा पांढरा फेस दिसतो. आमच्या हौदातला असा फेस मी एकदा खराट्याने खरवडला. आतून मलईच्या रंगाचे बारीक दाणे सांडले. ती अंडी होती. आजही त्याचं वाईट वाटतं. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून हे घरटं करते. वरचा फेस वाळतो, आतली ओल टिकते, आणि काही दिवसांनी पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणून फेस पाण्यात ढकलू नका. पाणी त्याला लागत असेल तर हौद थोडा उपसा.

डासांसाठी हौद रिकामा करावाच लागतो, ते बरोबरच आहे. फक्त आधी पिल्लं मगाने बादलीत काढा, पाणी हौदातलंच घ्या. नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना सोसत नाही. हौदात गप्पी मासे असतील तर बादलीत एकही मासा येऊ देऊ नका, ते लहान पिल्लं खातात. बादली सावलीत ठेवा, वर जाळी बांधा आणि आत एक काठी तिरकी टेकवा. पाय फुटलेलं पिल्लू तिच्यावरून वर येतं. तेव्हा जाळी काढा.