सूर्यास्त आणि पौर्णिमेचे ट्रेक: या चुका टाळा

शहराजवळच्या कुठल्याही टेकडीवर पौर्णिमेच्या संध्याकाळी जा. सूर्य बुडेपर्यंत माथ्यावर उभं राहायला जागा नसते, आणि त्यानंतर अर्ध्या तासात उतरणीवर मोबाइलचे दिवे इकडेतिकडे फिरायला लागतात. त्यातले बरेचसे दिवे वाट सोडून भलतीकडेच असतात. हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहायलाच बसलो. एकाच फेरीत मावळता सूर्य आणि उगवता चंद्र दोन्ही बघायला मिळणं हे शहरात राहणाऱ्या माणसासाठी मोठं सुख आहे. थोड्या आळसापायी ते हुकावं, किंवा त्यात कुणाचा पाय मोडावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

“चांदणं आहे, टॉर्च कशाला?”

सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात घातक वाक्य हेच. पूर्ण चंद्राचा उजेड सूर्यप्रकाशाच्या तुलनेत सुमारे चार लाख पटींनी कमी असतो. मोकळ्या पठारावर तो पुरेसा वाटतो, कारण तिथे पाय कुठे टाकायचा हा प्रश्नच नसतो. झाडी सुरू झाली की तोच उजेड पानांवर अडतो. शिवाय इतक्या कमी प्रकाशात डोळ्यांना रंग कळत नाहीत. सैल मुरूम आणि घट्ट कातळ दोन्ही सारखेच राखाडी दिसतात आणि पायरीची खोली फसवते.

पण खरी मेख वेगळीच आहे. सूर्यास्ताची जागा सहसा पश्चिम उतारावर असते आणि पुष्कळदा खाली यायची वाटही त्याच अंगाला असते. चंद्र उगवतो पूर्वेला, म्हणजे डोंगराच्या पाठीमागे. तो माथ्याच्या बराच वर येईपर्यंत पश्चिमेचा उतार डोंगराच्याच सावलीत राहतो. तुम्ही उतरता नेमके त्याच वेळात. पौर्णिमा असते, आकाश निरभ्र असतं आणि तुमच्या पायाखाली तरीही अंधार असतो.

एकदा आम्ही काही मित्र अशाच एका टेकडीवरून उतरत होतो. खिंडीखाली जिथे वाटेला फाटा फुटतो, तिथे डावीकडच्या अंगाने हाका ऐकू आल्या. आवाजाच्या रोखाने गेलो तर कॉलेजातली पाच-सहा मुलंमुली एका गवताळ उतारावर बसलेली. एका मुलीचा घोटा मुरगळलेला. सगळ्यांत मिळून एक मोबाइल चालू होता आणि तोही शेवटच्या घटका मोजत होता. टॉर्च कुणाकडेच नव्हता. “काका, पौर्णिमा आहे ना, म्हणून नाही आणले,” त्यातला एक जण म्हणाला. पौर्णिमा आदल्या दिवशी होऊन गेली होती. चंद्र उशिरा उगवला होता आणि अजून डोंगराआडच होता. समोरची टेकडी चांदण्यात लख्ख दिसत होती, आणि आम्ही उभे होतो तिथे स्वतःचे बूट दिसत नव्हते.

झालं होतं असं. फाट्यावर त्यांना दोन वाटा दिसल्या आणि त्यांनी रुंद दिसणारी धरली. ती ढोरवाट होती. गुरं दोन्ही बाजूंनी चरत जातात म्हणून अशा वाटा रुंद होतात आणि पुढे गवतात विरून जातात. तिथे थांबून उलटं फाट्यापर्यंत चढायचं सोडून त्यांच्यातला एक मुलगा “मी खाली जाऊन रस्ता बघून येतो” म्हणत एकटाच घळीत उतरला. त्याला जाऊन बराच वेळ झाला होता. आम्ही शिट्टी वाजवत राहिलो, थांबून ऐकत राहिलो. शेवटी खालून उत्तर आलं. घसाऱ्यावर तो अशा जागी अडकला होता की वरही येता येईना आणि खालीही जाता येईना. त्याला दोरीने वर घेतलं, मुलीला आधार देत मूळ वाटेवर आणलं आणि सगळे पायथ्याशी पोचेस्तोवर मध्यरात्र उलटली होती. त्या मुलांमध्ये धाडसाची कमतरता नव्हती. प्रत्येकी एक हेडटॉर्च नव्हता, एवढंच.

म्हणून माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा हेडटॉर्च हवाच. दोघांत एक चालत नाही. पुढच्याचा उजेड मागच्याच्या पायाखाली पडत नाही, उलट पुढच्याचीच सावली तिथे पडते. निघण्यापूर्वी टॉर्च घरात लावून बघायचा आणि जास्तीचे सेल घ्यायचे. मी स्वतः एक छोटा हातातला टॉर्चही ठेवतो आणि अवघड उतरणीवर तो कमरेपाशी धरतो. डोक्यावरचा उजेड डोळ्यांच्या जवळून निघतो, त्यामुळे दगडांच्या सावल्या दगडांमागेच लपतात आणि जमीन सपाट भासते. कमरेतून पडणाऱ्या उजेडात प्रत्येक खड्डा आणि उंचवटा उठून दिसतो. एकदा करून बघा, फरक लगेच कळेल.

दुसरी सवय चढताना लावायची. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघायचं. उतरताना वाट त्याच बाजूने दिसणार आहे आणि ती चढतानापेक्षा पार वेगळी दिसते. उजेडात फाट्याचा एक फोटो काढून ठेवला तर फारच उत्तम.

आणि माथ्यावर बसल्यावर मात्र दिवे बंद करा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतात. कुणीतरी पांढरा झोत चेहऱ्यावर मारला की ती सगळी मेहनत क्षणात जाते. वस्तू शोधायची असेल तर मंद लाल दिवा वापरा, कमी उजेडात काम करणाऱ्या पेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम फार कमी होतो.

दिवस चुकतो, जागाही चुकते

“पौर्णिमेनंतरच्या शनिवारी जाऊ” असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली आधी वेळ बघायला लावतो. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो साधारण सूर्यास्ताच्या सुमारास वर येतो. एक दिवस उशीर केलात तर संधिप्रकाश संपून काळोख होतो आणि मग चंद्र येतो. दोन दिवस उशीर केलात तर दीड तासाहून जास्त वेळ अंधारात वाट बघा. सुट्टी जमत नसेल तर आधीचा दिवस घ्या, नंतरचा घेऊ नका. माझं मत विचाराल तर चतुर्दशीची संध्याकाळ पौर्णिमेपेक्षाही सरस असते. सूर्य अजून क्षितिजावर असताना चंद्र पूर्वेला वर आलेला असतो, जमिनीवर सोनेरी ऊन असतं, आणि अंधार पडेपर्यंत चंद्र इतका चढलेला असतो की उतरताना काही उपयोगाचा ठरतो. फोटो काढणाऱ्यांनीही हाच दिवस धरावा. पूर्ण काळोखात काढलेल्या फोटोत चंद्र म्हणजे नुसता पांढरा ठिपका येतो आणि डोंगर काळा.

तारखेइतकाच जागेचाही विचार करा. चंद्रोदयाची छापील किंवा ॲपमधली वेळ सपाट क्षितिज गृहीत धरून काढलेली असते. तुमच्या पूर्वेला डोंगर असेल तर चंद्र तो ओलांडूनच दिसणार. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंशांची होते. चंद्र सरळ वर चढत असेल तर एक अंश चढायला त्याला जेमतेम चार मिनिटं लागतात. म्हणजे समोरची डोंगराची धार एक मूठ उंच असेल तर चाळीस मिनिटांची भर घाला. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत तो तिरपा चढतो, तिथे याहूनही जास्त. लोक पश्चिमेच्या टोकावर बसून सूर्यास्त बघतात आणि तिथेच चंद्राची वाट बघत राहतात, पाठीमागे अख्खा डोंगर उभा असताना. दोन्ही बघायचं तर दोन्ही बाजू मोकळ्या असलेली धार किंवा उघडा माथा निवडा. उन्हाळ्यात पौर्णिमेचा चंद्र आकाशात खालून जातो आणि हिवाळ्यात उंचावरून, हेही ध्यानात असू द्या. चांदण्यात चालायचा खरा आनंद हवा असेल तर हिवाळ्यातल्या रात्री निवडा, सावल्या आखूड असतात.

शॉर्टकट

याबद्दल माझं मत कडक आहे आणि ते बदलणार नाही. नागमोडी वाट मध्येच तोडून सरळ खाली जाणाऱ्यांचे पाच मिनिटं वाचतात. त्यांच्या बुटांनी माती सैल होते, पावसाचं पाणी त्याच चरातून धावतं, आणि काही काळाने तिथे खोल घसरट नाळ तयार होते. नुकसान तिथेच थांबत नाही. रात्री टॉर्चच्या उजेडात ती नाळ अगदी पायवाटेसारखी दिसते आणि पुढची अनोळखी माणसं तिच्यात शिरतात. दिवसा केलेल्या घाईची किंमत रात्री दुसराच कुणीतरी मोजतो. वळण आहे तर वळणाने चाला.

वेळेचा हिशेब उलटा मांडा

“चारला निघू, सूर्यास्ताला पोचू” हा हिशेब नाही, ही इच्छा आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये सांगितलेला नियम आजही कामाचा आहे. आजच्या मापात तो असा: दर 5 किलोमीटर अंतराला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. यात थांबे धरलेले नाहीत. नवखे सोबत असतील तर मी येणाऱ्या उत्तराची दीडपट करतो आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी माथा गाठायचा धरून निघायची वेळ मागे मोजत जातो. उशीर झालाच तर जिथे असू तिथूनच, मोकळी जागा बघून, सूर्यास्त बघायचा. शेवटच्या टप्प्यात धावत सुटलेल्यांना माथ्यावर धाप सोडून काही आठवत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

सूर्याचं बिंब बुडताच सॅक उचलणारे सगळ्यात सुंदर भाग चुकवतात. ढगांना खालून रंग चढतो तो बहुतेकदा त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत.

चढताना घाम येतो म्हणून गरम कपडा घरी ठेवू नका. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने उष्णता सोडते, धारेवर वारा असतो आणि घामाने भिजलेला शर्ट अंगावर गार पडतो. माथ्यावर पोचल्या पोचल्या कोरडा शर्ट आणि वर विंडचीटर, थंडी वाजायची वाट न बघता.

नकाशा आधीच डाउनलोड करा आणि रेंज नसेल तिथे मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते.

सगळ्यात मागे वाट माहीत असलेला माणूस हवा. पुढे कुणीही चालेल.

सूर्यास्तानंतर त्या जंगलात थांबायला परवानगी आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा. पुष्कळ संरक्षित जंगलांत नसते, आणि तो नियम प्राण्यांच्या वावरण्याच्या वेळा बघून केलेला असतो.

स्पीकर घरी ठेवा. वर सांगितलेला मुलगा सापडला तो केवळ डोंगर शांत होता म्हणून.

शिट्टी सॅकच्या पट्ट्यालाच बांधा. मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटात तीन शिट्ट्या येतात. ते ऐकू आल्यावरही जागा सोडायची नाही आणि शोधणारे पोचेपर्यंत वाजवत राहायचं.

घरी एकाला कुठली वाट, सोबत कोण आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत पाठवायची, हे लिहून देऊन निघा. आणि पायथ्याला पोचलात की पहिला फोन त्या माणसाला करा, नाहीतर तुम्ही जेवायला बसलेले असताना लोक अंधारात तुम्हाला शोधत डोंगर चढायला लागतील.