फौजेतली डिसॅबिलिटी पेन्शन रिजेक्ट झाली, आता अपील कसं करायचं

आमच्या बुलढाणा-अकोल्याकडच्या गावांत रिजेक्शनचं पत्र घेऊन कोणी फौजी भाऊ आला की पहिलं वाक्य ठरलेलंच असते, "टक्के कमी देल्ले ना भाऊ, म्हणून गेली माही डिसॅबिलिटी." पत्र उघडून पाहिलं तर टक्के बरोबर असतात, ३० असतात, कधी ४० पण असतात, आणि पेन्शन गेलेली असते भलत्याच रकान्यामुळे, जो कोणी वाचतच नाही. सगळं भांडण त्या एका रकान्याचं आहे, म्हणून लेखाचा मोठा भाग त्याच्यावरच आहे.

आधी पैशाचा हिशोब. डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात. सर्व्हिस एलिमेंट तुमच्या नोकरीचा आणि डिसॅबिलिटी एलिमेंट दुखापतीचा किंवा आजाराचा. डिसॅबिलिटी एलिमेंट १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्याखाली त्या प्रमाणात. समजा शेवटचा पगार ४०,००० होता, तर १०० टक्क्यांना १२,००० आणि २० टक्क्यांना २,४००. पण राउंड ऑफ लागला की ५० च्या खालचं ५० धरतात, ५० ते ७५ चं ७५ आणि त्याच्या वरचं १००, म्हणजे त्याच माणसाला २,४०० च्या जागी ६,००० आणि महागाई वेगळी. हा फायदा आधी फक्त बोर्ड आउट झालेल्यांना, म्हणजे मेडिकल बोर्डाने मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, देत होते, डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रामअवतार केसमध्ये पूर्ण सर्व्हिस करून आलेल्यांनाही दिला. लढाईत किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत जखमी झालेल्यांची वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी असते, तिथं पूर्ण सर्व्हिस करून आलेल्याला ३० च्या जागी ६० टक्के धरतात.

पूर्ण सर्व्हिस करून आलेल्याला हे मिळायला दोन गोष्टी लागतात, डिसॅबिलिटी किमान २० टक्के पाहिजे आणि ती नोकरीमुळे झालेली किंवा नोकरीमुळे वाढलेली पाहिजे. पहिली गोष्ट बहुतेकांकडे असते. गाडी अडते दुसरीवर.

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), रिजेक्शन लेटर, हे सगळं तुमच्याकडे असणारच, झेरॉक्स काढून ठेवा.

पुढचं काम म्हणजे मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत मागवायची. फौजेतून बाहेर पडताना जी तपासणी होते त्या रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म असतो, एएफएमएसएफ-१६, तो हातात असल्याशिवाय अपिलाची एक ओळही लिहू नका. नसेल तर तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते. गार्ड्सवाल्यांचं रेकॉर्ड कामठीला, महारवाल्यांचं सागरला, मराठा लाइटवाल्यांचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. अर्जात बोर्डाच्या कागदासोबत भरतीच्या वेळची मेडिकल, मेडिकल कॅटेगरी डाउन झाली, म्हणजे फिटनेसचा दर्जा खाली आला, तेव्हाचे सगळे कागद आणि पोस्टिंगची तारीखवार यादी पण मागा. ही यादी मागायचं लोक हमखास विसरतात आणि नंतर तीच लागते.

आता मुख्य गोष्ट.

बोर्डाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक आजारापुढे विचारलेलं असते, ॲट्रिब्युटेबल (नोकरीमुळे झालेला) आहे का, ॲग्रॅव्हेटेड (नोकरीमुळे वाढलेला) आहे का, आणि त्यापुढे कारण लिहिलेलं असते. दोन्हीकडे नो असेल तर त्याला सगळे नाना म्हणतात, आणि नाना लागला की टक्के ८० असले तरी उपयोग नाही. माझ्या स्वतःच्या केसमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला, कारण ज्याला त्याला विचारलं तर सांगणार की घरची परिस्थिती लिहा, लेकरांचं शिक्षण लिहा, कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन गेलं, देशाची इतकी वर्षं सेवा केली ते लिहा. ते सगळं खरं असते आणि अपिलात त्याचा काडीचा उपयोग होत नाही. अपील ऐकणारी कमिटी एकच पाहते, बोर्डाने लिहिलेलं कारण बरोबर आहे का चूक. म्हणून त्या कारणाला उत्तर द्यायचं, बाकी सगळं कापून टाकायचं.

कारण वाचा आणि ते कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. बीपी, शुगर, हार्ट, मानसिक आजार यांत नेहमी दिसणारं कारण म्हणजे आजार पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) सुरू झाला, फील्ड (सीमेवरची किंवा कारवाईची पोस्टिंग) किंवा हाय अल्टिट्यूडशी वेळेचा संबंध नाही. इथं वहीत दोन रकाने आखा. एका बाजूला पोस्टिंग तारखेसह, दुसऱ्या बाजूला आजार पहिल्यांदा कुठं आणि कधी सापडला, कधी वाढला, गोळ्या कधी बदलल्या. माणूस काश्मीरमध्ये दोन-अडीच वर्षं काढून पीस स्टेशनला आला आणि थोड्याच महिन्यांत तपासणीत बीपी सापडलं, तर बीपी पीस स्टेशनला झालं असं नाही, तिथं फक्त मशीन लावली गेली. हे तारखांसकट लिहा. आजार पीसला सुरू झाला पण नंतर फील्ड पोस्टिंगमध्ये कॅटेगरी अजून खाली गेली असेल तर ॲग्रॅव्हेटेडचा मुद्दा धरा, त्याच्यावरही पेन्शन मिळते आणि लोक तो मागतच नाहीत.

दुसऱ्या जातीचं कारण म्हणजे आजार शरीराच्या घडणीतला आहे, आनुवंशिक आहे, नोकरीशी संबंध नाही. इथं भरतीच्या वेळचा मेडिकल कागद कामी येतो. त्यात या आजाराची नोंद नसेल तर धरमवीर सिंग केसचा आधार घ्या. २०१३ च्या त्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की भरतीवेळी नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, नंतर झालेला आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायचा भार जवानावर नाही, आणि बोर्डाने नुसतं नो न लिहिता कारण दिलं पाहिजे. पण सांभाळून. २१ सप्टेंबर २०२३ पासून २०२३ चे नवीन नियम लागू आहेत, तुम्ही त्यानंतर बाहेर आला असाल तर २०१० ला आलेल्या काकाचं अपील उतरवून काढू नका, दोघांचे नियम वेगळे आहेत.

तिसरी जात दुखापतीची. इथं आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट आणि झाली असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी (फौजेची अंतर्गत चौकशी), हे दोन कागद बोलतात. गावात एक चुकीचा समज पक्का बसलाय की सुट्टीवर असला तरी फौजी ड्युटीवरच असतो. सुट्टीला येता-जाताना रस्त्यात ॲक्सिडेंट झाला तर ती वाट ड्युटीत धरली जाते. पण सुट्टीत घरी असताना थ्रेशरवर हात गेला किंवा ट्रॅक्टरवरून पडला, तर सुट्टी मंजूर होती एवढ्यावर पेन्शन मिळत नाही, दुखापतीचा नोकरीशी संबंध दाखवावा लागतो. असा संबंध नसेल तर त्या माणसाला खोटी आशा लावू नका, वर्षं जातात त्याची आणि हाती काही लागत नाही.

अजून एक, जिल्हा रुग्णालयातून नवीन अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून अपिलाला जोडायचा सल्ला देणारे खूप आहेत. ऐकू नका. त्याचा एसटीला, सरकारी योजनांना उपयोग होतो, तो जरूर घ्या, पण फौजेच्या पेन्शनचे टक्के फौजेचाच बोर्ड ठरवतो. आणि थकबाकीत हिस्सा मागणारा एजंट दिसला तर बाप्पा त्याच्या दारातही उभे राहू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज फुकट पुढे पाठवतात, आणि २०२५ पासून नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) वीर परिवार सहायता योजनेत सैनिक कार्यालयांत कायदेशीर मदतीची सोय आहे, तिथं विचारा.

अपील दोन पानांत बसवा. पहिल्या परिच्छेदात नंबर, रँक, नाव, रिजेक्शन पत्राचा नंबर आणि तारीख, मग बोर्डाचं कारण जसंच्या तसं उतरवून त्याखाली तुमचं उत्तर, मग कागदांची यादी. पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, रेकॉर्ड ऑफिसमार्फत, स्पीड पोस्टाने. तेही फेटाळलं तर त्या पत्रापासून सहा महिन्यांत दुसरं. दुसरं गेलं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, महाराष्ट्रासाठी मुंबईचं बेंच. खूप वर्षं झाली म्हणून सोडून देऊ नका, पेन्शनचं नुकसान दर महिन्याचं असते म्हणून उशिरा आलेल्यांचंही ऐकलं जाते, मात्र २००८ च्या तरसेम सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने थकबाकी मागच्या ३ वर्षांपुरतीच दिली होती, म्हणून जितक्या लवकर कराल तितकं बरं.

मंजूर झालं की स्पर्शवर (फौजेच्या पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) नवीन पीपीओ उघडून तीन गोष्टी बघा, टक्के राउंड ऑफ झालेत का, कोणत्या तारखेपासून दिलंय आणि लाइफ लाँग लिहिलंय का ठराविक मुदतीचं. काही चुकलं असेल तर स्पर्शवरच तक्रार टाका आणि तिचा नंबर लिहून ठेवा.