खिळ्याचा विद्युतचुंबक: आधी टोकं खरवडा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमची आठवीतली एक मुलगी विद्युतचुंबक मांडून उभी होती. वेढे सुबक, सेल नवा, पण एक टाचणी उचलली जाईना. परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तारेची टोकं बघितली. दोन्हींवर इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, तसंच होतं. ब्लेडने खरवडून दिलं, तर खिळ्याला टाचण्यांचा घोसच लटकला.

मी अलिबाग तालुक्यात विज्ञान शिकवते. हा प्रयोग दर वर्षी बहुतेक याच जागी अडतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मोटार वायंडिंगच्या दुकानातून 28 गेजची तांब्याची तार चार मीटर आणा. शिवाय चार इंची लोखंडी खिळा, 1.5 व्होल्टचा मोठा सेल, टाचण्या, पॉलिश पेपर आणि छोटं होकायंत्र. खिळा स्टेनलेस स्टीलचा नको.

वायंडिंगची तार दिसायला उघडी असते, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. तो हवाच. नाहीतर शेजारशेजारचे वेढे एकमेकांना टेकून विजेची धारा आडवाटेने निघून जाईल. नको आहे तो फक्त दोन टोकांना. टोकाचा दोन सेंटिमीटर भाग पॉलिश पेपरच्या घडीत धरा आणि तार गोल फिरवत ओढा, चारही अंगांनी. मग उजेडात नेऊन बघा. खरवडलेलं तांबं फिकट आणि लखलखीत दिसतं, बाकीची तार मधाच्या रंगाची, जरा काळपट. रंगातला हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

आता गुंडाळायची घाई नको. आधी सरळ तारच बघू. लोखंडी पायांच्या बाकापासून लांब, जमिनीवर होकायंत्र ठेवा आणि सुई स्थिर होऊ द्या. तार सुईच्या अगदी वर, सुईला समांतर धरा, म्हणजे उत्तर-दक्षिण. टोकं क्षणभर सेलला टेकवा. धारा दक्षिणेकडून उत्तरेकडे जात असेल, तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेकडे वळतं. टोकं उलटी लावली की पूर्वेकडे. तार पूर्व-पश्चिम धरली, तर सुई बाजूला वळत नाही, कारण तारेचं चुंबकीय क्षेत्र तारेला काटकोनात असतं आणि तेव्हा ते सुईच्याच रेषेत येतं. ‘आमची सुई हलत नाही’ म्हणणाऱ्या मुलांची तार बहुतेक वेळा अशीच आडवी असते.

1820 मध्ये कोपनहेगनला डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी हेच पाहिलं. आमच्या अलिबागला तर या गोष्टीनेच एक वेधशाळा दिली. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या धारेने नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. ट्राम धावू लागल्या 1907 मध्ये. वर्गात सुई वळली की मी मुलांना हे सांगतेच. एका सेलने सुई एवढी हलते, मग ट्रामच्या धारेने काय झालं असतं!

आता वेढे. खिळ्यावर आधी कागदाचा पदर गुंडाळा. वीतभर तार मोकळी सोडून, एकाला एक लागून, सगळे वेढे एकाच दिशेने घ्या. मध्येच दिशा बदलली, तर उलटे वेढे आधीच्या वेढ्यांचं क्षेत्र खोडून काढतात. 50 वेढे झाले की थांबा, सेल जोडा आणि टाचण्या मोजा. मग 100, मग 200. उरलेली तार मात्र कापायची नाही, ती बाजूला सैल राहू दे. तार तेवढीच राहिली की रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, तोच, धारा साधारण तीच, आणि बदलतात ते फक्त वेढे. तार कापत गेलात, तर टाचण्या वेढ्यांमुळे वाढल्या की धारेमुळे, हे कळणारच नाही. 200 वेढ्यांना साधारण साडेतीन मीटर तार जाते.

पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ जोडून ठेवू नका. तार आणि सेल दोन्ही तापतात. घरातल्या प्लगला किंवा मोबाइलच्या बॅटरीला ही तार कधीही, कोणत्याही कारणाने लावायची नाही.

ध्रुव ओळखायला उजव्या हाताची बोटं वेढ्यांतल्या धारेच्या दिशेने वळवा. अंगठा दाखवतो ते टोक उत्तर ध्रुव. होकायंत्राने पडताळून बघा.

सेल काढल्यावरही दोन-चार टाचण्या चिकटून राहतील. बाजारातला खिळा थोडं चुंबकत्व धरून ठेवतो. ते कमी हवं असेल, तर गुंडाळण्यापूर्वी मोठ्या माणसाकडून खिळा चुलीत लालभडक तापवून घ्या आणि राखेत पुरून रात्रभर सावकाश निवू द्या. लोखंड मऊ होतं आणि धारा थांबली की जवळजवळ सगळ्या टाचण्या सोडून देतं.

शेवटी, वेढे न मोडता कागदाच्या नळीतून खिळा हळूच ओढून काढा. उरलं ते नालकुंतल, म्हणजे तारेच्या वेढ्यांची नुसती पोकळ नळी. सेल जोडून ते टाचण्यांजवळ न्या. टाचण्या जागच्या हलणारही नाहीत. मग तेच होकायंत्राजवळ न्या आणि सुईकडे बघा.